उन्हातलं काम, रजईतलं काम

दिवाळी अंकांतल्या पणत्या आणि आकाशकंदील आम्ही चित्रकार भर पावसात रंगवतो. आषाढ लागला की पुण्या-मुंबईहून कथा यायला लागतात, श्रावणात रेखाटनांची घाई उडते आणि गणपती बसायच्या सुमाराला मुखपृष्ठ छपाईला जायला हवं असतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकाराला वर्षातली एक हक्काची सुगी मिळाली. ती अजून टिकून आहे. मानधन मात्र दिवाळी उलटल्यावर, जाहिरातींचे पैसे वसूल झाले की कार्तिक-मार्गशीर्षात सावकाश जमा होतं, टीडीएसचे दहा टक्के कापून.

माझी दुसरी सुगी हिंदीतली. दिल्लीचा जागतिक पुस्तक मेळा थंडीत भरतो, त्यामुळे मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांना नोव्हेंबर-डिसेंबरात चित्रं तयार हवी असतात. भोपाळच्या एकलव्य संस्थेनं १९८५ साली ‘चकमक’ सुरू केलं. मुलांसाठी काढायचं चित्रही जीव ओतून काढायचं असतं, असं मानणारी माणसं आमच्या भागात त्यानंतर वाढली. धारला शाळेत असताना मी ते मासिक आधी चित्रांसाठी उघडायची, मजकूर मग. आता देवासला बसून तशाच पुस्तकांची चित्रं काढते आणि त्यावर घराचा निम्मा खर्च चालतो.

म्हणजे पावसाळा मराठीचा आणि हिवाळ्याची सुरुवात हिंदीची. पण माळव्यातल्या कुणालाही विचारा, वर्षातला कोणता काळ स्वतःसाठी राखून ठेवावासा वाटतो? तो हिवाळाच म्हणेल. काळ्या रानात गहू-हरभरा हिरवा झालेला असतो, आभाळ धुतलेलं असतं, दुपारच्या उन्हात बसवतं आणि रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो. बाजारात गराडू नावाचे कंद येतात, हरभऱ्याचे हिरवे छोड येतात, गजक येते. नेमक्या याच दिवसांत माझं स्वतःचं काम मला सर्वांत जास्त बोलावतं आणि याच दिवसांत दिल्लीच्या मेळ्याचे फोनही सर्वांत जास्त येतात. ही ओढाताण कशी सांभाळायची, हा माझ्यापुढचा गेल्या काही वर्षांतला खरा प्रश्न. मला त्याचं जे उत्तर सापडलं, त्यात नियोजनाच्या तक्त्यांपेक्षा उन्हाचा वाटा मोठा आहे.

माझं स्वतःचं काम म्हणजे एक चित्रवही आहे. तिच्यात फक्त हात आहेत, धार आणि देवासमध्ये हिवाळ्यात काम करणारे हात. तिची सुरुवात एका पिंजाऱ्यापासून झाली. दिवाळी झाली की आमच्या मोहल्ल्यात तो जुन्या रजया उसवून कापूस पिंजून द्यायला येतो. आता बहुतेक सगळं काम यंत्रावर होतं, पण जुन्या घरांतल्या जड रजयांसाठी त्यानं हातपिंजण अजून ठेवलं आहे. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा घाव बसतो, तात झणझणते आणि दबून ढेकूळ झालेला कापूस क्षणात उडून मोकळा होतो. मी रजई घेऊन गेले तेव्हा त्यानं ती हातात तोलली आणि म्हणाला, “पहले रुई को धूप लगने दो, बेनजी. ठंडी रुई नहीं खुलती.” रजई पुन्हा गच्चीवर वाळत टाकली आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच्यासमोर बसले. डावा हात पिंजण तोलून धरणारा, उजवा घाव घालणारा. दोन हातांची चालच वेगळी. डाव्याच्या शिरा ताणलेल्या, उजव्याचं मनगट सैल. हे कागदावर उतरवायला मला कितीतरी पानं लागली आणि ती मला कुणीही मागितलेली नव्हती.

मागणीच्या कामाला मी हलकं लेखत नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. दुसऱ्याच्या गोष्टीसाठी चित्र काढणं ही चांगली शिस्त आहे. लेखकानं लिहिलेली मुलगी कशी दिसेल, ती कोणत्या बाजूनं दार उघडेल, पान उलटल्यावर काय दिसेल, याचा विचार करताना डोळा तयार होतो. पिंजाऱ्याचे हात मला नीट पाहता आले, ते आधी पुस्तकांसाठी शेकडो हात काढले होते म्हणून. फक्त मागणीचं काम आवाज करत येतं. त्याला तारीख असते, संपादक असतो, पैसे असतात. स्वतःच्या कामाला यातलं काहीच नसतं. त्यामुळे उरलेल्या वेळात ते करू म्हटलं तर वेळ उरतच नाही. एका प्रकाशकानं माझं मानधन वर्षभर अडकवलं, तेव्हापासून मी निम्मे पैसे आधी घेते, बदलांच्या दोन फेऱ्यांनंतर वेगळा आकार लावते आणि संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात नवीन काम धरत नाही. “ताई, एवढंच एक चित्र, छोटंसं,” असं म्हणणारे फोन येतात. मी नम्रपणे संक्रांतीनंतरची तारीख देते. बहुतेकांचं चालतं.

पण खरी व्यवस्था लागली ती या नियमांनी नाही. ती प्रकाशानं लावून दिली.

पुस्तकांची चित्रं मी आता संगणकावर रंगवते. पेन्सिलीचं रेखाटन झालं की पुढचं सगळं पेन टॅब्लेटवर. त्याला उजेड लागत नाही, उलट पडद्यावर ऊन आलं तर रंग कळत नाही. हातांची चित्रवही मात्र जलरंगात आहे आणि जलरंगाला उजेड हवा, तोही स्थिर. माळव्यात मे महिन्यात रंगाचा हात फिरवेपर्यंत कडा वाळून करकरीत होतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, रंग बसता बसत नाही. हिवाळ्यात, सकाळचं धुकं विरल्यापासून दुपारी चारपर्यंत, गच्चीवर भिंतीच्या आडोशाला रंग बेताचा ओला राहतो. दुसरा रंग त्यात सोडायला वेळ मिळतो. कातडीचा रंग साधायला याहून चांगले दिवस नाहीत. मग ठरलं. ऊन असेपर्यंत कागद. सूर्य टेकडीच्या मागं गेला की खाली येऊन संगणक, पायांवर रजई, बोटं मोकळी ठेवणारे लोकरीचे हातमोजे आणि आल्याचा चहा. दिल्लीच्या मेळ्याची पुस्तकं मी गेली काही वर्षं रजईत बसूनच पूर्ण केली आहेत. दोन कामांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायची गरजच उरली नाही. एकाला ऊन लागतं, दुसऱ्याला लागत नाही, एवढाच फरक.

ऊब ही काम संपल्यावर घ्यायची चैन आहे, असं मी पूर्वी मानत असे. आता मानत नाही. गारठलेल्या बोटांनी रेघ मरते. पाठीला ऊन लागलं की खांदा सुटतो आणि खांदा सुटला की मनगट. सकाळी न्हाणीघरातल्या बंबाचं कढत पाणी, पोह्यांवर जिरावन मसाला, अंगावर बाग छपाईची जुनी चादर लावून शिवलेली गोधडी, या सगळ्याचा माझ्या रेघेशी संबंध आहे. ती चादर धार जिल्ह्यातल्याच बाग गावची. तिथले छपाईवाले फिटकरी आणि चिंचोक्याच्या खळीनं तांबड्याची तयारी करतात, लोखंडाच्या गंजातून काळा काढतात, कापड वाहत्या पाण्यात धुतात आणि धावड्याची फुलं घालून उकळतात. पावसाळ्यात कापड वाळत नाही म्हणून त्यांच्याही वर्षाला ऋतूचीच वेसण. कोरड्या दिवसांत ठसा, ओल्या दिवसांत सबूर. हातानं काम करणाऱ्या माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेलं आहे. वर्षभर एकाच वेगानं काम करायचं, हा हट्ट कार्यालयांनी शिकवला.

देवासात राहून ऋतू आणि काम यांबद्दल बोलायचं तर कुमार गंधर्वांपाशी थांबावंच लागतं. १९४८ साली ते इथं आले ते क्षयावर कोरडी हवा मानवेल म्हणून. गाण्याची बंदी होती. पाचेक वर्षं त्यांनी मैफल केली नाही. त्या काळात खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली. घरासमोरून जाणाऱ्या बायकांची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. पुढं त्यांच्या रागांत, बंदिशींत हे सगळं आलं. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ छापून आलं. आणि त्यांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले, ज्यांत राग आणि लोकगीत शेजारी-शेजारी बसतात. मला ‘गीत हेमंत’ची कल्पना फार मोलाची वाटते. थंडी ही गाण्याच्या बाहेरची गोष्ट नाही, कोट घालून विसरायची गोष्ट नाही, ती गाण्याचा मजकूर आहे, असं त्यात धरलेलं आहे. त्या ध्वनिमुद्रणांनी मला माझ्या वहीबद्दल धीर दिला. हिवाळा हा माझ्या कामात येणारा अडथळा नाही, तो माझा विषय आहे.

कुमारांच्या त्या सक्तीच्या विश्रांतीबद्दल लोक फार हळवे होऊन बोलतात. आजारानंच त्यांना माळवा दिला, वगैरे. मला ते पटत नाही. ती वर्षं भीतीची होती आणि त्या भीतीच्या काळात त्यांच्या पत्नी भानुमतीताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. ऐकत पडून राहायलाही कुणाचा तरी पगार लागतो. माझ्या गच्चीवरच्या दुपारीही फुकटच्या नाहीत. माझे यजमान देवासच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीनं जातात. रात्रपाळीहून परतताना त्यांचे कान थंडीनं लाल झालेले असतात. महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा तो पगार नसता, तर संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात काम न धरण्याचा नियम मला केव्हाच मोडावा लागला असता. मोकळेपणानं काम करणाऱ्यांच्या मुलाखतींत हा हिशेब क्वचित येतो. तो यायला हवा. भानुमतीताईंचं नाव कुमारांच्या प्रत्येक बंदिशीच्या मागं आहे, असं मी समजते.

वहीला एकदा गिऱ्हाईकही मिळालं होतं. एका कंपनीला नव्या वर्षाची दिनदर्शिका काढायची होती आणि त्यांच्या माणसानं माझी काही पानं पाहिली होती. पैसे चांगले होते, चार पुस्तकांच्या बरोबरीचे. अटी अशा की बारा हात हवेत, सगळे स्वच्छ, शक्यतो तरुण, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि सगळी चित्रं दसऱ्यापर्यंत. दसऱ्यापर्यंत म्हणजे थंडी पडायच्याही आधी. जे हात मी पाहायचे होते, ते तोवर कामाला लागलेलेच नसणार. आम्ही दोघांनी घरी बसून विचार केला. यजमान म्हणाले, “तू दुसरे हात काढून दे, तुझी वही वेगळी राहू दे.” सल्ला चुकीचा नव्हता. पण मला भीती वाटली ती माझ्या डोळ्याची. एकदा स्वच्छ, तरुण, हसतमुख हात काढून पैसे मिळाले की पुढच्या वर्षी पिंजाऱ्यासमोर बसले तरी मला तसेच हात दिसायला लागतील. मी नाही म्हटलं. ते पैसे सोडल्याचं ओझं त्या हिवाळ्यात घराला जाणवलं आणि तरी निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणते. प्रत्येक आवडीच्या कामाचा रोजगार करावाच असं नाही. काही काम विकाऊ नसल्यामुळंच बाकीचं काम नीट होतं.

माहेरी धारला गेले की यावर वेगळ्या बाजूनं विचार सुरू होतो. देवासहून इंदूर, तिथून गंगवाल बस स्टँड, मग बेटमा, घाटाबिल्लोद मागं टाकत धार. खिडकीतून दोन्ही बाजूंना गहू. धार हे मूर्तिकार रघुनाथ कृष्ण फडक्यांचं गाव. ते मूळ वसईचे, गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. पुढं धार दरबारच्या आमंत्रणावरून ते इकडे आले, लक्ष्मी कलाभवन उभं केलं, शिकवलं आणि १९७२ साली जाईपर्यंत इथलेच राहिले. पुतळे घडवणं हे मागणीचंच काम. माणूस हुबेहूब हवा, मिशी हवी तशी हवी, आप्तांना पटायला हवा. तेच हात ‘प्रवचन’सारखं शिल्पही घडवतात, ज्यात ऐकणाऱ्या माणसांचं ऐकणं दिसतं. माझ्या मामांच्या पिढीत धारची कितीतरी मुलं फडक्यांमुळे पेन्सिल धरायला शिकली. मातीत काम करणाऱ्याला ओल्या फडक्यानं झाकून काम तसंच ठेवता येतं. मधे दुसरं काम उरकून परत येईपर्यंत माती वाट पाहते. मला वहीच्या बाबतीत तेच करायचं असतं. मेळ्याची घाई आली तर पान झाकून ठेवायचं, पण फडकं वाळू द्यायचं नाही. रोज एक तरी रेघ. ऊन नसेल त्या दिवशी नुसतं पेन्सिलीनं.

धारच्या बाजारात संध्याकाळी गराडूवाल्यांच्या कढया पेटतात. गराडू सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून सोलणारी बाई आधी तळव्यांना तेल चोळून घेते. तुकडे एकदा तळून ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. बाहेरून खरपूस, आतून पिठूळ. वर लिंबू आणि जिरावन. तेल लावलेल्या त्या तळव्यांवर कढईच्या जाळाचा उजेड पडतो, तेव्हा हाताची रेघन्‌रेघ चमकते. ते चित्र उन्हात रंगवता येत नाही, म्हणून तिथंच उभ्यानं कोळशाच्या कांडीनं काढलं. गावाबाहेर मावशींच्या शेतावर काम करणाऱ्या भिलाला बाईचे हातही वहीत आहेत, खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, दोन पानांत मक्याच्या पिठाचा पानिया दाबून गोवऱ्यांच्या आरात सरकवताना. पानिया भाजून निघाल्यावर त्यावर पानाच्या शिरा उमटतात. त्या मला चित्रात अजून साधलेल्या नाहीत.

भोगीच्या दिवशी आईकडे बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, गाजर-वांगी-पावटा-हरभऱ्याची भाजी. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात उन्हात सतरंजी टाकून मी तिला वही दाखवली. ती एकेक पान उलटत गेली. गजक कुटणारे हात, ऊस चरकात घालणारे, रजई टाचणारे, गराडू सोलणारे. शेवटी म्हणाली, “अगं, सगळे हात कामातच आहेत. शेकत बसलेलं कुणीच नाही?” मी म्हटलं, “आई, वहीच कामाची आहे ना.” ती म्हणाली, “मग रात्री शेगडीपाशी बसून मी तुझ्या बाबांचे गुडघे शेकते, ते काय आहे? आणि ती गराडूवाली, दुकान बंद झाल्यावर कढईखालच्या निखाऱ्यांवर हात धरते की नाही? बघितलंस कधी?”

बघितलं नव्हतं, कारण तोवर मी गराडू खाऊन घरी आलेली असायची. माझ्या वहीत कामकरी माणसांना ऊब मिळतच नव्हती. ऊब फक्त मलाच होती, गच्चीवर आणि रजईत. त्या संध्याकाळी बाजार आवरेपर्यंत थांबले. बाईनं कढई उतरवली, लेकाला जवळ घेतलं, दोघांनी मिळून हात शेकले, तेलकट तळवे एकमेकांवर चोळले आणि मग ती मला म्हणाली, “बैठो ना, खड़ी क्यों हो?” मी बसले. शेकणाऱ्या हातांची बोटं कामातल्या हातांपेक्षा लांब दिसतात, कारण ती पूर्ण उघडलेली असतात. हे मला तोवर माहीत नव्हतं. वहीचा दुसरा भाग तिथून सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत उन्हात पालथे ठेवलेले गवंड्याचे हात, चहाच्या ग्लासाभोवती गुंडाळलेले रिक्षावाल्याचे, आईचे शेगडीवरचे.

देवासला परतल्यावर पिंजाऱ्यालाही विचारलं, तुमची स्वतःची रजई कधी पिंजता? तो म्हणाला, सगळ्यांच्या झाल्यावर, पौष निम्मा सरतो तेव्हा. त्या दिवशी मी त्याच्या घरी जायचं ठरलं आहे.

आणखी एक पान राहिलं आहे, सर्वांत अवघड. आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची येते आणि गव्हाला पाणी द्यायला शेतकरी ऐन थंडीत मध्यरात्री रानात असतो. गार पाण्यात हात घालून, बॅटरीच्या उजेडात तो बांध फोडतो, पुन्हा बांधतो. मावसभावाच्या शेतावर या पौषात ती पाळी आहे. मी येणार म्हटल्यावर तो हसला नाही, फक्त म्हणाला, “ताई, बूट रबरी घाल, आणि थर्मासमध्ये चहा जास्त आण, चौघं असतो आम्ही.” यजमानांनी त्या रात्रीची पाळी बदलून घेतली आहे, तेही येतील. मेळ्याच्या पुस्तकाची शेवटची चार पानं त्याआधी दिल्लीला जायला हवीत, म्हणून सध्या संध्याकाळ जरा लवकर सुरू होते.